अम्मीचा रकाना

(राळेगाव येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला निमंत्रण आलं तेव्हा विषय दिला होता 'आरोग्य आणि तंत्रज्ञान'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मोबाइलवर आरोग्याची कोणकोणती कामं होतात ते सांगेन, अशी आयोजकांची अपेक्षा असावी. तो भाग दोन मिनिटांत उरकतो. माझ्या घरी मी तंत्रज्ञान आणलं होतं. ते फसलं कसं, तेच आज सांगणार आहे.

मी इथलाच. शाळा राळेगावात, इंजिनिअरिंग अमरावतीला आणि आता बारा वर्षं पुण्यात. माझे अब्बा बाजार समितीत मापारी होते, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तूर, चणा, सोयाबीन यांच्या पोत्यांची गिनती त्यांच्या तोंडी असायची. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगात आकडे असेच मोजतात. पहिलीत मास्तरांसमोर 'लाभ' म्हटलं आणि वर्ग हसला.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका पहाटे अब्बा फजरला उठले आणि पलंगावरून उतरताना उजव्या अंगावर पडले. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं. आपण याला लकवा म्हणतो, कोणी फालिज म्हणतं, डॉक्टर पक्षाघात म्हणतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवा, कारण रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. आमच्या घरी काय झालं? भाईने तेल चोळलं. शेजारून कोणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. मी फोनवरून 'थोडं थांबून बघा, थंडीने असेल' म्हणालो. हो, मीच म्हणालो, इंजिनिअर माणूस. गाडी निघाली तेव्हा अकरा वाजले होते. साडेचार तास इथेच, अंगणात संपले होते.

ही चूक आमची. तोंड वाकडं, हात उचलला तर खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं की तेल शोधायचं नाही, गाडी शोधायची आणि सीटी स्कॅन जिथे असेल तिथे थेट जायचं. आजच्या भाषणातलं तेवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. पण मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या तीन वर्षांबद्दल. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

नऊ दिवसांनी अब्बांना घरी सोडलं. हातात एक कागद. आठ गोळ्या, 'फिजिओथेरपी चालू ठेवा' आणि शेवटी 'काळजी घ्या'. मराठीत हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यात कर्ता नाही. काळजी कोणी घ्यायची? अम्मीने हा प्रश्न विचारला नाही, तिला तो विचारायचा असतो हेच माहीत नव्हतं. गाडीतून अब्बांना चौघांनी उतरवलं, पलंगावर ठेवलं आणि त्या क्षणापासून ती कामाला लागली. वय बासष्ट, वजन अठ्ठेचाळीस किलो. अब्बांचं वजन चौऱ्याहत्तर.

काम म्हणजे काय, ते जरा तपशीलवार सांगतो, कारण ज्यांच्या घरी हे झालेलं नाही त्यांना वाटतं की गोळ्या द्यायच्या आणि पाय दाबायचे. माणूस स्वतः हलू शकत नसेल, तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडापाशी, टाचेपाशी कातडी आधी लाल होते, मग फाटते आणि ती जखम हाडापर्यंत जाऊ शकते. घास गिळता येतो की नाही ते प्रत्येक वेळी बघायचं. ताठ बसवूनच भरवायचं, घाई करायची नाही, पातळ पाणी कधी कधी घट्ट करून द्यायचं, कारण घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. आम्ही पहिले दोन महिने त्याच हाताला धरून अब्बांना उठवत होतो. नंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाहिलं आणि त्या ओरडल्याच. अब्बांचा खांदा आजही दुखतो.

आणि बोलणं. अब्बांची बुद्धी शाबूत होती, शब्द गेले होते. पाणी हवं असेल तर 'चावी, चावी' म्हणायचे आणि आपल्याला कळत नाही म्हणून चिडायचे, रडायचे. पण गंमत अशी की गिनती पूर्ण होती. लाभपासून पन्नासपर्यंत न अडखळता. बिस्मिल्लाह पूर्ण, सुरे पूर्ण. तोंडात वर्षानुवर्षं बसलेल्या गोष्टी अशा आजारात पुष्कळदा शिल्लक राहतात, असं मला नंतर कळलं. चाळीस वर्षं सोबत असलेल्या बायकोचं नाव मात्र येईना. अम्मी त्यावर काही बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, 'गिनती याद है, मेरा नाम भूल गये.' हसत म्हणाली. मी फोनवर होतो, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

आता माझं तंत्रज्ञान. मी पुण्याहून एक ऑनलाइन तक्ता बनवला. अकरा रकाने. सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी, साखर, गोळ्या, लघवी, शौच, व्यायाम, कूस बदलली ती वेळ, असं सगळं. गोळीच्या वेळी भाभींच्या मोबाइलवर घंटी वाजेल अशी सोय केली. पुण्यात बसून मी रोज रात्री तक्ता बघायचो आणि एखादा रकाना रिकामा दिसला की फोन करायचो. 'चारची कूस लिहिलेली नाही.' मला वाटायचं, मी काळजी घेतोय. प्रत्यक्षात मी अम्मीवर एक मुकादम नेमला होता आणि तो मुकादम मीच होतो. दहाव्या दिवशी घंटी बंद झाली. मग भाभींनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने रेघा मारून तक्ता केला आणि भिंतीला लावला. तो अजून आहे.

अकरा महिन्यांनी अम्मी न्हाणीघरात पडली. तिचं बीपी मोजलं तर १९० आणि ११०. तिला कधीपासून त्रास होता कोणास ठाऊक. घरात बीपीचं यंत्र होतं. दिवसातून दोनदा ते वापरलं जात होतं. अकरा महिने, दिवसातून दोनदा, तिने स्वतःच्या हाताने अब्बांच्या दंडाला पट्टा बांधला आणि स्वतःच्या दंडाला एकदाही बांधला नाही. मी तिला रागावलो. ती म्हणाली, 'तुझ्या तक्त्यात माझा रकाना कुठे होता?'

तेव्हापासून मी याच प्रश्नावर विचार करतोय.

आमच्या कंपनीत रात्री सर्व्हर बंद पडला तर उठायला एक माणूस नेमलेला असतो. त्याला ऑन-कॉल म्हणतात. त्याचा रोस्टर असतो. एक माणूस सलग एक आठवडा, मग दुसरा. ज्याची रात्रीची झोप मोडली तो दुसऱ्या दिवशी उशिरा येतो, आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. हा नियम दयेपोटी केलेला नाही. झोप न झालेला माणूस चुका करतो आणि कंपनीचं नुकसान होतं, म्हणून केलाय. एका यंत्रासाठी आम्ही सहा जणांचा रोस्टर लावतो. अब्बांसाठी एक माणूस होता, अकरा महिने, सुट्टीशिवाय. हे मला, रोस्टर बनवणाऱ्याला, दिसलं नाही.

नंतर मी वाचायला लागलो. माझ्यासारखी माणसं संकटात पडली की वाचतात. भारतात यावर एक मोठा अभ्यास झालाय, अटेंड नावाचा. २०१७ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. देशातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. कल्पना साधी आणि चांगली होती. फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, मग घरातल्याच एका माणसाला शिकवून सोडावं आणि त्याने घरी व्यायाम करून घ्यावा. निम्म्या कुटुंबांना असं शिकवलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मोजणी केली. मरण पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले रुग्ण दोन्हीकडे सारखेच, ४७ टक्के.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी निराश झालो. पण विचार करत गेलो तसं वाटलं की निकाल सरळ आहे. शिकवणं चांगलंच. खांद्याचं आम्हाला कोणी शिकवलं असतं तर अब्बांचा खांदा वाचला असता. पण जी बाई आधीच दिवसरात्र राबतेय तिच्या हातात आणखी एक काम दिलं, तर तिचा दिवस चोवीस तासांचा पंचवीस तासांचा होत नाही. प्रशिक्षित माणसाचं काम घरच्या माणसावर फुकटात ढकलता येत नाही. हा माझा अर्थ आहे, अभ्यास करणाऱ्यांवर तो लादत नाही.

आणि हा प्रश्न फक्त आमच्या घरापुरता आहे असंही नाही. विदर्भातलीच गोष्ट सांगतो. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांमधल्या मृत्यूंची दोन वर्षं नोंद ठेवली. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने. त्या गावांमध्ये मृत्यूचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. मलेरिया नव्हे, क्षयरोग नव्हे, लकवा. आणि त्यातले दहापैकी जवळजवळ नऊ मृत्यू घरी झाले. घरी, म्हणजे कोणाच्या तरी हातात. ती कोण, याचा अंदाज बांधायला दुसरी एक मोजणी उपयोगी पडते. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होते, पुरुषांचे ९७. माणसांची देखभाल करणाऱ्यांमध्ये बायका दिवसाला १३४ मिनिटं देत होत्या, पुरुष ७६.

आता जरा अवघड बोलतो. समोर बुजुर्ग बसले आहेत, माफ करा.

आमच्या घरात भाई आहे, भाभी आहेत, दोन मोठे पुतणे आहेत. मग सगळं अम्मीवर का? कारण अब्बांचं डायपर बदलणं. भाभी स्वयंपाक करायच्या, गोळ्या द्यायच्या, तक्ता लिहायच्या. पण सासऱ्यांना धुणं-पुसणं त्यांच्याने होईना आणि अब्बांनाही ते सहन होईना. दोघांचंही बरोबर होतं. मग उरलं कोण? अम्मी. भाई दुकानावर, मी पुण्यात. दोन तरणेताठे मुलगे असताना बापाला धुवायचं काम अठ्ठेचाळीस किलोच्या बाईने केलं आणि आम्हा दोघांपैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. घराबाहेर मी स्त्री-पुरुष समानतेवर पोस्टी लिहितो.

अम्मी पडली तेव्हा मी महिनाभर घरून काम घेतलं आणि पहिल्यांदा ते काम केलं. पहिल्या दिवशी अब्बांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी ते माझ्यावर ओरडले, कारण पाणी गार होतं. ओरडले म्हणजे 'चावी' म्हणाले. त्यानंतर आमचं जमलं. भाईनेही शिकून घेतलं, आता सकाळचं तोच करतो आणि मग दुकान उघडतो. हे काम कठीण नाही. वीस मिनिटांचं आहे. त्यात कसब आहे, ताकद आहे, आणि ताकद आमच्यात जास्त होती.

दुसरी गोष्ट अयादतीची. आजाऱ्याला भेटायला जाणं ही आपल्याकडची सुंदर रीत आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण हिशोब ऐका. पहिल्या महिन्यात आमच्याकडे रोज सहा-सात माणसं यायची. प्रत्येकाला चहा. प्रत्येकाचा एक इलाज. आणि निघताना प्रत्येक जण अम्मीला म्हणायचा, 'बड़ा सवाब है आपको.' हे ऐकल्यावर बाई थकले असं म्हणू शकत नाही. थकले म्हटलं तर जणू सवाब कमी होईल. आपण तिला जन्नत देऊन टाकतो आणि दुपारची झोप देत नाही. मला विचाराल तर मी सांगेन, अयादतीला या, पण चहा पिऊ नका. उलट दोन तास बसा आणि तिला सांगा, 'आप सो जाइए, मैं हूं.' आमच्याकडे एकच माणूस असं बसायचा, बाजार समितीतला अब्बांचा जुना हमाल साथीदार. त्याला लिहिता-वाचता येत नाही. शनिवारी दुपारी यायचा आणि अब्बांसोबत गिनती करायचा. लाभ, दोन, तीन. दोघं शंभरपर्यंत जायचे आणि परत पहिल्यापासून. त्या दोन तासांत अम्मी झोपायची. आठवड्यातली तिची तेवढीच दिवसाची झोप होती, हे आम्हाला खूप उशिरा कळलं.

हे संघटितपणे करता येतं. केरळात होतं. तिथे मलप्पुरम, कोळिकोड या भागांत शेजारपाजारच्या लोकांनी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी स्वयंसेवकांची जाळी उभी केली. लोकांच्या लहान-लहान वर्गणीवर ती चालतात, प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक आणि परिचारिका घरी जातात. २००८ साली राज्य सरकारने त्यासाठी धोरणही केलं. शिवाय तिथे 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे. ती रुग्णासाठी नाही, रुग्णाला सांभाळणाऱ्यासाठी आहे. रक्कम महिना ६०० रुपये. सहाशे रुपयांत काय होतं, असं म्हणाल. डायपरचं एक पाकीटही धड येत नाही, बरोबर आहे. पण सरकारच्या कागदावर 'सांभाळणारी व्यक्ती' असा एक रकाना आहे, ही गोष्ट मला सहाशेपेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे कायदा तरी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तीन वर्षांत आमच्या घरी या नावाने एक रुपया आलेला नाही. महात्मा फुले योजनेसारख्या योजना रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च उचलतात, त्यांचा मोठा आधार आहे. पण तो आधार डिस्चार्जच्या कागदापाशी संपतो आणि अम्मीचं काम तिथूनच सुरू होतं. आपल्या चळवळीने निवेदनं पुष्कळ दिली आहेत. एक या कलमासाठी द्यावं, आणि ते फक्त मुसलमानांसाठी मागू नये. लकवा जात बघून येत नाही. आमच्या गल्लीत तीन घरांत माणसं अंथरुणावर आहेत. एक आमचं, एक कुणब्याचं, एक बौद्ध कुटुंबाचं. तिन्ही घरांत सांभाळणारी बाईच.

निवेदनाला वेळ लागेल. तोपर्यंत काय, ते बोलतो आणि थांबतो.

मागे टेबलावर एक वही ठेवली आहे. अॅप नाही, वही. त्यात वरच्या ओळीत वार आहेत, बाजूला वेळा आहेत. दोन-दोन तासांचे चौकोन. ज्याला जमेल त्याने आपला चौकोन भरावा. त्या दोन तासांत एका घरी जाऊन बसायचं, बस. कूस कशी बदलायची, लुळा हात कसा धरायचा, हे एका दुपारी शिकवायला त्या फिजिओथेरपिस्ट बाई तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललोय. पुरुषांनी आधी नावं लिहावीत, कारण उचलायला पुरुष लागतात. सोबत बीपीचं यंत्र न्यायचं आणि रुग्णाचं नाही, सांभाळणारीचं बीपी मोजून वहीत लिहायचं. त्यासाठी शेवटचा रकाना मी आखून ठेवलाय.

माझा महिन्यातला एक शनिवार मी लिहिलाय, पुण्याहून तेवढंच जमतं. अब्बांच्या त्या साथीदाराने अंगठा लावून शनिवार दुपार घेतली आहे. बाकी चौकोन कोरे आहेत. मंगळवार आणि गुरुवारची रात्र आधी भरायला हवी, त्या कुणब्याच्या घरी सध्या म्हातारी एकटीच आहे.